धुरा

मराठीत 'धुरा' म्हणजे जबाबदारी. घराची धुरा, शाळेची धुरा, जमातीच्या कामाची धुरा. उर्दूत 'धुरा' म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, गॅरेजवाल्यांच्या भाषेत एक्सल. दोन्ही भाषा शिकवत असल्याने आम्ही हा शब्द दरवर्षी फळ्यावर लिहितो. मुलांना गंमत वाटते, की एकाच शब्दाने एका भाषेत माणसाच्या खांद्यावरचं ओझं सांगितलं आणि दुसऱ्या भाषेत गाडीच्या पोटाखालचं लोखंड.

आज लिहायचं आहे ते लोखंडाच्या धुऱ्याबद्दल. कुटुंबाच्या मासिकात जीपचा एक्सल कशाला, असं एखाद्या वाचक भगिनीच्या मनात येईल. त्याचं कारण आमच्या आपा. त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या भाच्याने, यंदा दहावीची परीक्षा दिली आणि निकालाच्या आधीच घरात जाहीर केलं, की पुढे गाड्यांचं काम शिकायचं. आपांच्या घरात रडारड झाली. दोन चुलत भाऊ इंजिनीयर, एक बहीण फार्मसीला, आणि हा म्हणतो ग्रीसमध्ये हात घालणार! आपांनी आम्हाला बोलावून घेतलं. "तुम्ही शिक्षक आहात. तुमचं तो ऐकतो. मे महिन्यात शारजाला धाकट्याकडे चाललाच आहात, तर यालाही घेऊन जा. गॅरेज म्हणजे काय ते डोळ्यांनी बघू दे, म्हणजे डोक्यातलं खूळ जाईल."

आमचा धाकटा भाऊ वीस वर्षांपासून शारजात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा असाच आखातात असतो. दर महिन्याला पैसे पाठवतो, दोन वर्षांनी घरी येतो, आणि तिकडे नेमकं काय करतो ते घरच्यांना धड माहीत नसतं. 'गॅरेजमध्ये आहे' एवढंच सगळे सांगतात. रिश्त्याच्या बोलणीत तर तेही दबक्या आवाजात. म्हणून भाच्याला घेऊन आम्ही दहा दिवस त्याच्याबरोबर त्याच्या कामावर जाऊन बसलो. भाचा वही घेऊन बसला, आम्ही चहा घेऊन.

शारजाचा इंडस्ट्रियल एरिया म्हणजे गॅरेज आणि जुन्या सुट्या भागांच्या दुकानांचं वेगळंच शहर. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या छताखाली मोठे पंखे गरगरत असतात, पण ते गरम वाराच फेकतात. तिथे त्या आठवड्यात एक जीप आली होती. 1994 ची रँग्लर, चौकोनी दिव्यांची, चार सिलिंडरच्या इंजिनाची, कुणीतरी अमेरिकेहून आणलेली. तिचा आताचा मालक दर आठवड्याच्या सुट्टीत बायको-मुलांना घेऊन वाळूच्या टेकड्यांवर जायचा. तिकडे हा मोठा शौक आहे. टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरट होऊन वाळूत रुतत नाही, आणि टेकडी चढून पलीकडे उतरायचं. त्या मालकाने मूळचे साधारण 28 इंचांचे टायर काढून 33 इंचांचे बसवले होते. मग एकदा टेकडी चढताना मागचा हाफ शाफ्ट तुटला. मुलं गाडीतच होती. सगळे सुखरूप राहिले, अल्हम्दुलिल्लाह, पण त्याने गाडी टोचन करून गॅरेजला आणली आणि सांगितलं, "मागचा एक्सलच मजबूत टाका. आणि ड्रम नको, डिस्क ब्रेक हवेत."

भाच्याचा पहिला प्रश्न आपल्यापैकी कुणालाही पडेल असा होता. "छोटे मामू, कंपनीने कच्चा एक्सल का दिला?"

धाकट्याने उत्तर दिलं, "कच्चा नाही दिला. 28 च्या टायरला पुरेसा दिला. मोठा टायर म्हणजे लांब पान्हा. पान्हा जितका लांब, तितका नटावर जोर जास्त. टायर यांनी वाढवला, जोर धुऱ्यावर गेला."

हे त्या कामाचं पहिलं तत्त्व. एका ठिकाणी काही वाढवलं, की त्याचा भार दुसरीकडे कुठेतरी पडतो, आणि तो बहुधा न दिसणाऱ्या जागी पडतो. टायर सगळ्यांना दिसतात. एक्सल दिसायचा तर जमिनीवर आडवं व्हावं लागतं.

या जीपवर कुठला एक्सल चालतो, हे अमेरिकेतल्या हौशी लोकांनी फार पूर्वीच शोधून काढलं आहे. फोर्ड कंपनीची एक्सप्लोरर नावाची गाडी 1990 साली बाजारात आली आणि तिकडे अफाट खपली. जितकी खपली, तितकीच पुढे भंगारात निघाली. तिच्या मागच्या एक्सलला नुसतं 'आठ पॉइंट आठ' म्हणतात, कारण आतल्या क्राऊन व्हीलचा व्यास 8.8 इंच आहे. 1995 च्या मॉडेलपासून 2001 पर्यंत हा एक्सल डिस्क ब्रेकसकट आला. 2002 च्या मॉडेलमध्ये कंपनीने मागची दोन्ही चाकं स्वतंत्र स्प्रिंगांवर बसवली आणि सलग एक्सल बंद केला. म्हणून भंगारात शोधायची ती मधल्या सात वर्षांची गाडी. त्यात सोय अशी, की दोन्ही गाड्यांच्या चाकांना पाच-पाच बोल्ट, आणि बोल्टांच्या वर्तुळाचं माप एकच, साडेचार इंच. रुंदीतही फक्त इंचभराचा फरक.

जुन्या बाजारात एक्सलचा ढीग पडलेला होता. धाकट्याने झाकणाच्या बोल्टाखाली अडकवलेली पत्र्याची छोटी पट्टी पुसली. तिच्यावर '4 एल 10' असं कोरलेलं होतं. म्हणजे 4.10 चं प्रमाण, आणि मधला 'एल' म्हणजे लिमिटेड स्लिप. एक चाक वाळूत नुसतं फिरू लागलं, तर असा एक्सल दुसऱ्या चाकालाही थोडा जोर देतो. दुकानदार म्हणाला, पट्टी आहे ना, मग झालं. धाकटा म्हणाला, पट्टी बदलता येते. त्याने एक्सल दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवला, पिनियनच्या तोंडावर खडूने रेघ मारली आणि भाच्याला मोजायला सांगितलं. चाकाच्या बाजूची डिस्क हाताने पूर्ण एकदा फिरली, तेव्हा पिनियन चार वेळा आणि वर थोडा फिरला. शिवाय एका बाजूची डिस्क फिरवली की दुसऱ्या बाजूचीही त्याच दिशेने फिरत होती. पट्टी खरी होती.

हे प्रमाण एवढं का बघायचं? तर फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा, दोन्ही धुरे एकाच प्रमाणाचे लागतात. तसे नसतील तर पुढची चाकं एका वेगाने आणि मागची दुसऱ्या वेगाने फिरायला बघतात, आणि मधली यंत्रणा पिळवटून तुटते. या जीपचा पुढचा एक्सल 4.10 चा होता. क्राऊनला 41 दाते, पिनियनला 10. भाच्याने वहीत भागाकार केला, 41 भागिले 10. मग स्वतःच विचारलं, की पिनियनला 11 दाते असते तर? उत्तर आलं 3.73, आणि धाकटा हसून म्हणाला, "तेही प्रमाण मिळतं. पलीकडच्या ढिगात आहे." सातवीत गुणोत्तर-प्रमाण शिकताना हाच मुलगा खिडकीबाहेर बघत बसायचा, हे आम्ही पाहिलेलं आहे.

दुसरा हिशोब शाफ्टचा. जुन्या शाफ्टच्या टोकाला 27 खाचा, जाडी सुमारे 1.18 इंच. नव्याला 31 खाचा, जाडी सुमारे 1.32 इंच. हातात घेतले तर फरक करंगळीएवढाही वाटत नाही. पण गोल दांड्याची पीळ सोसायची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. जाडी जेमतेम बारा टक्के जास्त, ताकद मात्र, लोखंड सारख्याच प्रतीचं धरलं तर, चाळीस टक्क्यांच्या आसपास जास्त. बाहेरची नळीही जुनी अडीच इंचांच्या जवळपास, नवी सव्वातीन इंचांची.

आता खरं काम. दुसऱ्या गाडीचा एक्सल आणला आणि चार बोल्ट आवळले, असं ते नसतं. एक्सप्लोररच्या कमानपाट्यांच्या बैठका वेगळ्या अंतरावर असतात. त्या ग्राइंडरने कापून काढायच्या, तेही खालच्या नळीला चरा न पडता. मग जीपच्या मापाने नव्या बैठका ठेवायच्या, पण लगेच पक्क्या करायच्या नाहीत. आधी वेल्डिंगचे दोन-तीन टाके घालायचे, एक्सल जागेवर चढवायचा, गाडीचा पूर्ण भार त्यावर येऊ द्यायचा आणि मग पिनियनचा कोन मापायचा. मधून येणारा प्रोपेलर शाफ्ट आणि पिनियन यांचा मेळ बसला नाही, तर क्रॉस लवकर जातो आणि गाडी थरथरते. कोन बरोबर आला, की एक्सल पुन्हा खाली उतरवून बैठका पक्क्या वेल्ड करायच्या. भाच्याने विचारलं, "मामू, दोनदा चढवायचा आणि दोनदा उतरवायचा?" धाकटा म्हणाला, "एकदाच चढवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या गाड्या नंतर आपल्याकडे येतात."

सगळ्यात नाजूक जागा मात्र वेगळीच. या एक्सलचा मधला गोळा बिडाचा असतो, आणि दोन्ही बाजूंच्या पोलादी नळ्या त्यात दाबून बसवलेल्या, वर वेल्डचे एक-दोन ठिपके. मूळ गाडीला तेवढं पुरतं. मोठे टायर आणि वाळूची चढण यांत ती नळी गोळ्यात फिरण्याची भीती असते. म्हणून जाणकार लोक तो जोड चहूबाजूंनी वेल्ड करून घेतात. पण बीड हा हट्टी धातू आहे. थंड बिडावर घाईने वेल्ड घातला, तर तो निवताना तडकतो.

आणि तसंच झालं. धाकटा दुसऱ्या गाडीत अडकलेला असताना गॅरेजच्या दुसऱ्या वेल्डरने तो जोड भरून टाकला. मालकाला गाडी गुरुवारी संध्याकाळी हवी होती, कारण शारजात शुक्रवारपासून तीन दिवस सुट्टी. वरून वेल्ड देखणा दिसत होता. दुपारी चहा पिताना त्या बाजूने 'टण्' असा बारीक आवाज आला. धाकट्याने पेला खाली ठेवला.

त्याने जोड घासून स्वच्छ केला, रॉकेलचा बोळा फिरवला, थोडा वेळ थांबून फडक्याने कोरडा पुसला आणि वर खडूची पूड भुरभुरली. दोन मिनिटांत पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक ओली रेघ उमटली. रॉकेल भेगेत शिरलेलं असतं, ते बाहेर येऊन खडूला ओलं करतं. आम्ही आयुष्यभर खडू वापरला. खडूने लोखंडाचं खोटं असं पकडता येतं, हे त्या दिवशी पाहिलं.

गॅरेजच्या मालकाने ती रेघ पाहिली आणि घड्याळ पाहिलं. म्हणाला, "वरून काळा रंग मारा. जोडाला मूळचे ठिपके आहेतच. एवढ्याने काही होत नाही. पार्टी संध्याकाळी येणार आहे."

त्याचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. ठिपक्यांवरही अनेक गाड्या चालतात. रंग मारला असता तर ती भेग कुणालाही, कधीही दिसली नसती. धाकट्याची नोकरी त्याच माणसाच्या हातात, व्हिसा त्याच गॅरेजचा, आणि दोन मुलींच्या शाळेची फी त्याच पगारातून. तो आवाज न चढवता म्हणाला, "सेठ, रंग तुम्ही मारा आणि गाडी तुमच्या सहीने द्या. माझ्या सहीने जाणार असेल, तर मला शनिवारपर्यंतचा वेळ द्या." आणि त्याने ग्राइंडर उचलला.

मालक बराच वेळ बोलत राहिला. पगार कापण्याची भाषा झाली. भाचा आमच्या शेजारी वही मिटून बसला होता. आम्हीही मध्ये बोललो नाही. तो धाकट्याचा व्यवहार होता, आणि तो त्याला नीट करता येत होता.

भेग मुळापर्यंत कोरून काढायला दीड तास गेला. मग आतले गिअर, शाफ्ट, ऑइल सील सगळं बाहेर काढून रिकामा गोळा गॅसच्या ज्योतीने चहूकडून तापवला. निकेलच्या रॉडने एकेक इंचाचा वेल्ड, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, म्हणजे नळी एकीकडे ओढली जात नाही. प्रत्येक इंचानंतर छोट्या हातोडीने टकटक. शेवटी सगळा जोड उष्णता धरून ठेवणाऱ्या जाड कांबळ्यात गुंडाळून ठेवला. निवायला रात्र लागू द्यायची. धाकटा म्हणाला, "यात घाई केली की सगळं पाण्यात." दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद होतं. शुक्रवारची नमाज झाल्यावर तो चावी घेऊन एकटा गेला आणि पुन्हा खडू टाकून बघून आला. रेघ नव्हती.

शनिवारचा दिवस ब्रेकचा. याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या पोरांना गाडी पळवण्याची हौस असते आणि थांबवण्याची माहिती नसते.

ड्रम ब्रेक म्हणजे बंद डबा. त्यात एकदा वाळू, चिखल, पाणी शिरलं की लवकर निघत नाही. पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक काही वेळ लागतच नाहीत, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. डिस्क उघडी असते, फिरताना पाणी फेकून देते आणि गार होते. या एक्सलमध्ये आणखी एक फायदा आहे. त्यातले शाफ्ट आतल्या टोकाला एका छोट्या क्लिपने धरलेले असतात. शाफ्ट तुटला तर चाक शाफ्टच्या तुकड्यासकट बाहेर सरकू शकतं. डिस्कला मिठी मारून बसलेला कॅलिपर त्या चाकाला काही अंशी धरून ठेवतो.

पण नुसती डिस्क बसवून भागत नाही. या जीपची ब्रेकची यंत्रणा मागे ड्रम आहेत असं धरून बनवलेली. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी मागे गरजेपेक्षा जास्त दाब गेला, तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीचं शेपूट फिरतं. या जीपच्या पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमधलं अंतर अवघं 93 इंच. आखूड गाडी फिरायला वेळ लागत नाही, आणि उतारावर फिरली तर कोलांटीच. म्हणून धाकट्याने मागच्या ब्रेकच्या नळीत दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह बसवला. मग मागच्या मोकळ्या मैदानात गाडी हळू वेगाने नेऊन ब्रेक मारायचा आणि एकाने बाजूला उभं राहून बघायचं, की आधी कुठलं चाक जाम होतं. मागचं झालं, की व्हॉल्व्ह थोडा आवळायचा. असं बारा-तेरा वेळा चाललं. पुढची चाकं आधी आणि मागची जरा नंतर, असा क्रम लागेपर्यंत.

हँडब्रेक वेगळा. या एक्सलच्या डिस्कच्या पोटात एक छोटा ड्रम असतो, हँडब्रेक त्यात लागतो. त्याची वायर जीपच्या वायरला जोडून, गाडी रॅम्पवर चढवून, गिअर सोडून उभी करून पाहिली. ब्रेकची रबरी नळी लांब घ्यावी लागली, कारण खड्ड्यात चाक लोंबलं की एक्सल खाली जातो आणि आखूड नळी ताणून तुटते. एक्सलच्या हवेच्या छिद्राला नळी जोडून तिचं टोक वर, बॉडीपाशी बांधलं. नाहीतर तापलेला एक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. लिमिटेड स्लिपसाठी तेलात वेगळी पुडी, म्हणजे बाटलीतलं खास द्रव्य मिसळलं. भाच्याच्या वहीत अशा सव्वीस नोंदी झाल्या. त्यांतली एकही गोष्ट गाडी उभी असताना बाहेरून दिसत नाही.

गाडीवाला गुरुवारी रागावूनच गेला होता. सुट्टी वाया गेली, मुलं हिरमुसली. रविवारी आला तेव्हा धाकट्याने त्याला जमिनीवर चटई घालून दिली आणि गाडीखाली बोलावलं. तडकलेल्या वेल्डचा फोटो दाखवला, मग नवा जोड दाखवला. तो माणूस बराच वेळ खाली होता. बाहेर आल्यावर त्याने एवढंच विचारलं, की पहिल्या महिन्यात काय काय तपासायचं. धाकट्याने सांगितलं, "पाट्यांचे यू-बोल्ट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. तेलाची गळती बघा. आणि अशा बदलाची परवानगी कागदावर लागते, ती घेतल्याशिवाय रस्त्यावर काढू नका." गॅरेजच्या मालकाने दोन दिवसांची मजुरी कापली ती कापलीच. धाकट्याने त्याचा विषय पुन्हा काढला नाही. रात्री वहिनींनी विचारलं तेव्हा म्हणाला, "मुलं बसतात त्या गाडीत."

हे वाचून कुणाच्या घरच्या तरुणाला आपल्या थारवर किंवा जुन्या जीपवर असं काही करावंसं वाटेल. त्याला आधी कायदा सांगायला हवा. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 आहे. गाडीच्या नोंदणीत जे तपशील कंपनीने दिले, त्यांना छेद देणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. रुंद टायर लावून बाजारातून फेऱ्या मारणाऱ्या मुलांच्या वडिलांनी हे जरूर लक्षात ठेवावं. टायर बदलून दिल्याने तुमच्या मुलाचा हट्ट पुरा होतो, पण त्या टायरचा भार कशावर जातो ते वर लिहिलंच आहे.

राहिला आपांचा प्रश्न. जूनमध्ये परत आल्यावर निकाल लागला. भाचा बऱ्यापैकी गुणांनी पास झाला. आपांनी विचारलं, "मग? गेलं का खूळ?"

आम्ही त्यांच्यासमोर भाच्याची वही ठेवली आणि कागदावर तीन वाटा लिहून दिल्या. पहिली, आयटीआयमधला मेकॅनिक मोटार व्हेइकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, दहावीनंतर. दुसरी, वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. दोन्हींनंतर ॲप्रेंटिसशिप करता येते आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं. तिसरी, पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, तोही दहावीनंतरच. डिप्लोमा चांगल्या गुणांनी झाला, तर इंजिनीयरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे ज्याला डिग्रीचं दार उघडं ठेवायचं आहे, त्यालाही हात काळे करायची वाट बंद नाही. आमच्या वर्गात दरवर्षी अशी पाच-सहा मुलं असतात, जी पुस्तकात रमत नाहीत पण सायकलची चेन एका मिनिटात चढवतात. त्यांना आपण 'अभ्यासात कच्चा' असं लेबल लावतो आणि मग ती उस्तादाकडे, काही न शिकवता राबवून घेणाऱ्याकडे जातात. मुलाला कामच करायचं असेल, तर ते त्याने नीट, शास्त्र समजून शिकावं, एवढं बघणं आई-वडिलांच्या हातात आहे.

आपा म्हणाल्या, "आणि लोक विचारतील, मुलगा काय करतो, तर काय सांगू?"

"जे करतो तेच सांगा. धाकट्याबद्दल आपण वीस वर्षं 'गॅरेजमध्ये आहे' एवढंच सांगत आलो. त्याच्या सहीशिवाय गाडी बाहेर जात नाही, हे कधी कुणाला सांगितलं नाही."

दोन दिवस त्यांनी विचार केला. दुलाभाईंशी बोलल्या, शारजाला फोन लावून धाकट्याशी बोलल्या. भाच्याला आयटीआय हवं होतं, आपांना डिप्लोमा. शेवटी डिप्लोमा ठरला, आणि सुट्ट्यांमध्ये तालुक्याच्या गावी एका चांगल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकायची परवानगी. फॉर्मवर सही करायच्या आधी आपांनी भाच्याला जवळ बोलावून त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग आमच्याकडे वळून विचारलं, "वेल्डिंगचे हातमोजे कुठे मिळतात? चांगले बघा. पैसे मी देते."